देवगिरीचे ताल आणि बंदिवासातील एक संध्याकाळ

१५ जानेवारी १९४१ रोजी सायंकाळी ग्योर्लिट्झ या जर्मन शहराबाहेरील युद्धकैद्यांच्या छावणीत, बराक क्रमांक २७ मध्ये, चार फ्रेंच कैद्यांनी एक नवी रचना वाजविली. बाहेर बर्फ साचले होते. आत फळ्यांच्या बाकांवर कैदी दाटीवाटीने बसले होते आणि पुढच्या रांगेत छावणीचे जर्मन अधिकारी होते. वाद्ये चार होती : व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि एक उभा पियानो. पियानो बेसूर होता आणि त्याच्या काही पट्ट्या दाबल्या की वर येण्याचे नाव घेत नसत. पियानोपाशी बसलेल्या बत्तीस वर्षांच्या चष्माधारी कैद्याच्या अंगात झेक सैन्याचा जुना, फाटका, बाटलीच्या रंगाचा हिरवा गणवेश होता आणि पायांत लाकडी खडावांसारखी पादत्राणे होती. रचना त्याचीच होती. आठ भागांची ती रचना पन्नासेक मिनिटे चालली.

त्याचे नाव ऑलिव्हिए मेसियाँ आणि रचनेचे नाव ‘काळाच्या अंतासाठी क्वार्टेट’. विसाव्या शतकातील पाश्चात्त्य चेंबर म्युझिकमध्ये, म्हणजे मोजक्या वादकांनी छोट्या दालनात वाजवावयाच्या संगीतामध्ये, या रचनेइतकी सांगितली गेलेली जन्मकथा दुसऱ्या कोणत्या कृतीच्या वाट्याला आली असेल असे वाटत नाही. ती कथा प्रथम सांगितली ती मेसियाँनेच आणि सांगताना तिच्यात थोडी भर घातली. श्रोते पाच हजार होते असे तो सांगत असे; चेलोला तीनच तारा होत्या असेही सांगत असे. चेलो वाजविणारा एतिएन पास्किए मात्र अखेरपर्यंत सांगत राहिला की तारा चारही शाबूत होत्या, तीन तारांवर ही रचना वाजविताच येणार नाही. बराकीत पाच हजार माणसे मावणे शक्य नव्हते. काही शेकडा होती. रिबेका रिशिन या अमेरिकन क्लॅरिनेटवादक अभ्यासिकेने हयात असलेल्या वादकांना भेटून व कागदपत्रे तपासून २००३ मध्ये या रचनेवर पुस्तक लिहिले, तेव्हा दंतकथेचा बराचसा मुलामा उतरला.

मुलामा उतरल्याने त्या संध्याकाळचे महत्त्व कमी होत नाही. उलट दंतकथेत एकच माणूस दिसतो. प्रत्यक्षात तेथे चार वादक होते, छावणीतला एक जर्मन अधिकारी होता, आणि सातशे वर्षांपूर्वीचा एक ग्रंथकारही एका अर्थाने हजर होता. हा ग्रंथकार आपल्या देवगिरीचा. तिकडे वळण्यापूर्वी मेसियाँ कोण होता हे पाहावयास हवे.

त्याचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्याँ येथे झाला. वडील पिएर इंग्रजीचे अध्यापक. त्यांनी पुढे शेक्सपिअरची नाटके फ्रेंचमध्ये आणली. आई सेसिल सोव्हाज ही कवयित्री. हे मूल पोटात असताना तिने त्याला उद्देशून कविता लिहिल्या होत्या आणि जन्मापूर्वीच आपल्याला त्या कवितांनी घडविले असे मेसियाँ आयुष्यभर मानीत आला. पहिल्या महायुद्धात वडील आघाडीवर गेले तेव्हा आई दोन मुलांना घेऊन ग्रनोब्ल येथे राहिली. तेथे हा मुलगा खेळण्यातले रंगमंच उभारी, त्यांच्या मागे रंगीत पारदर्शक कागद लावून प्रकाश बदली आणि धाकट्या भावापुढे शेक्सपिअरची नाटके एकटाच म्हणून दाखवी. पुढे नाद ऐकला की मनात रंग दिसण्याची जी विलक्षण सवय त्याने आयुष्यभर सांगितली, तिचा उगम या कागदांत होता की काय, असे वाटून जाते. सात-आठ वर्षांचा असताना तो स्वतःच पियानो शिकू लागला. दहाव्या वर्षी नांत येथील एका शिक्षकाने त्याच्या हाती द्यब्यूसीच्या ‘पेलेआस आणि मेलिसांद’ या ऑपेराची स्वरलिपी दिली. इतर मुलांना पतंग मिळावा तशी ती त्याला मिळाली आणि त्याचे पुढचे आयुष्य ठरून गेले.

अकराव्या वर्षी तो पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात दाखल झाला. पोल द्यूका, मार्सेल द्यूप्रे आणि मॉरिस एमान्युएल हे त्याचे गुरू. यांपैकी एमान्युएल यांनी प्राचीन ग्रीक छंदांकडे त्याचे लक्ष वेधले. ज्या छंदांत ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांची मांडणी हाच लयीचा पाया असतो, तेथे पाश्चात्त्य संगीतातील दोन-तीन-चार मात्रांची सरळ चौकट अपुरी पडते, ही जाणीव त्याला येथे झाली. १९२७ मध्ये क्षयाने आई गेली. १९३१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये तो ऑर्गनवादक झाला आणि ती जागा त्याने साठ वर्षांहून अधिक काळ, मृत्यूपर्यंत सोडली नाही. १९३२ मध्ये क्लेर देल्बॉस या व्हायोलिनवादक तरुणीशी त्याचा विवाह झाला. १९३७ मध्ये पास्काल हा मुलगा झाला. मेसियाँ हा निस्सीम कॅथलिक होता. त्याच्या मते संगीताचे काम ईश्वराच्या सत्याला प्रकाशात आणणे हे होते आणि या मतात त्याने कधी तडजोड केली नाही. ज्यांना हा विश्वास नाही त्यांनीही त्याचे संगीत डोक्यावर घेतले, हे त्याचे भाग्य म्हटले पाहिजे.

आता देवगिरी. यादव राजा सिंघण (सुमारे १२१० ते १२४७) याच्या कारकिर्दीत शार्ङ्गदेव हा पंडित देवगिरीच्या दरबारी होता. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले. वडील सोढल यांना यादवांचा आश्रय मिळाला. शार्ङ्गदेवाची नेमणूक संगीतशाळेत झालेली नव्हती. तो राज्याच्या हिशेबखात्यात होता. ज्या दप्तरखान्यातून पुढे हेमाद्रीपंडित आला, त्याच दप्तरखान्यातील हा पूर्वसूरी. ‘संगीतरत्नाकर’ हा त्याचा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ. त्याच्या पाचव्या, तालाध्यायात एकशे वीस देशी तालांची यादी आहे. प्रत्येक तालाचे नाव आणि त्यातील द्रुत, लघु, गुरू, प्लुत यांची मांडणी, हिशेबनिसाला शोभेल अशा काटेकोरपणे, एकापुढे एक दिली आहे. हा ग्रंथ लिहिला गेल्यानंतर शंभर वर्षांच्या आत यादवांचे राज्य लयाला गेले. शार्ङ्गदेवाचे बहुतेक ताल मैफलीतूनही हळूहळू गेले. राहिली ती पोथी.

त्या पोथीतील तालांचा तक्ता फ्रेंच संस्कृतज्ञ जोआनी ग्रोसे याने लाविन्याक याच्या संगीत-विश्वकोशातील भारतावरच्या लेखात १९१३ मध्ये युरोपीय स्वरलिपीत उतरवून छापला. विद्यार्थिदशा संपवून बाहेर पडणाऱ्या मेसियाँच्या दृष्टीस तो तक्ता पडला. त्याने भारतात येऊन कोणा उस्तादापुढे गंडा बांधला नव्हता, पखवाजाचा एक बोलही त्याला येत नव्हता. त्याच्यासमोर होती एकशे वीस नावे आणि प्रत्येकापुढे लहान-मोठ्या कालखंडांची एकेक ओळ. पण ग्रीक छंदांचा अभ्यास केलेल्या माणसाला त्या ओळींत आपले घबाड सापडले. १९३५ च्या ‘प्रभूचा जन्म’ या ऑर्गनसाठीच्या नऊ रचनांत त्याने ‘रागवर्धन’ या तालाचा उपयोग करून घेतला होता.

त्याला या तालांत काय दिसले हे आपल्याकडच्या वाचकास फार सोपे करून सांगता येते. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र शाळेत पाठ केलेल्या कोणालाही र गण ठाऊक असतो : राजभा, गुरू-लघु-गुरू. ही तीन अक्षरे उलट्या बाजूने वाचली तरी तोच गण येतो. शार्ङ्गदेवाच्या यादीत ढेङ्की नावाचा जो ताल आहे, तो म्हणजे नेमका हा र गण. मेसियाँने त्याला उलटविता न येणाऱ्या लयींचा सर्वांत साधा आणि प्राचीन नमुना मानले. लय उलटी केली तरी ती तीच राहत असेल, तर तिला पुढे आणि मागे असे काही उरत नाही. भूत आणि भविष्य एकच होतात. काळाच्या पलीकडील अवस्था संगीतात कशी दाखवावी या प्रश्नाशी झगडणाऱ्या माणसाला, आपण वृत्त मोजताना सहज ओलांडून जातो त्या तीन अक्षरांत, एक दरवाजा दिसला.

याला भारतीय संगीताचा विजय समजून छाती फुगविण्याचे कारण नाही. आपल्या तबलजीला मेसियाँच्या रचनेत ताल ओळखू येणार नाही. तेथे ठेका नाही, खाली-भरी नाही, आवर्तन संपवून सम गाठण्याचा आनंद तर मुळीच नाही. त्याने तालाचा देह घेतला. आपल्या मैफलीतला त्याचा प्राण त्याला माहीत नव्हता. तथापि जे आपण पोथीत बांधून ठेवले होते, त्यातून एका परक्या माणसाने काही जिवंत उभे केले, हेही खरे. शार्ङ्गदेवाच्या यादीचा असा उपयोग आपल्यापैकी किती जणांना सुचला असता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१९३९ मध्ये युद्ध पेटले. मेसियाँची दृष्टी अधू असल्याने त्याला लढाईच्या तुकडीत न घालता आधी ओझी वाहण्याच्या आणि मग शुश्रूषेच्या कामावर घेतले. व्हर्दाँ येथे त्याची गाठ दोन वादकांशी पडली. एक एतिएन पास्किए. तिघा पास्किए भावांचे तंतुवाद्यत्रय त्या वेळी फ्रान्समध्ये नामांकित होते. दुसरा आन्री अकोका. अल्जीरियात जन्मलेला ज्यू, पॅरिसच्या नभोवाणी वाद्यवृंदातील क्लॅरिनेटवादक, डाव्या विचारांचा, हजरजबाबी आणि कोणापुढे न वाकणारा. पहाटेच्या पहाऱ्यावर मेसियाँ पास्किएला सोबत घेई आणि दोघे उजाडताना पक्षी एकामागून एक कसे जागे होतात ते ऐकत बसत. त्या पहाटांतून अकोकासाठी एकट्या क्लॅरिनेटची एक रचना मेसियाँच्या मनात आकार घेऊ लागली.

जून १९४० मध्ये तिघेही जर्मनांच्या हाती सापडले. नान्सीजवळच्या एका उघड्या मैदानात हजारो कैद्यांसमवेत त्यांना ठेवले होते. अकोकाने आपला क्लॅरिनेट सोडला नव्हता. तेथेच, त्या मैदानात, पास्किएने स्वरलिपीचा कागद हातात धरून उभे राहावे आणि अकोकाने वाचून वाजवावे, असा त्या एकल रचनेचा पहिला पाठ झाला. हे वाजविणे अशक्य आहे अशी अकोकाची कुरकुर चालू होती. मेसियाँ शांतपणे त्याला धीर देत होता. म्हणजे क्वार्टेटचा हा एक भाग छावणीत येण्यापूर्वीच, भुकेल्या माणसांच्या गर्दीत, एकदा ऐकला गेला होता.

ग्योर्लिट्झच्या ‘श्टालाग ८-अ’ या छावणीत तिघांना जाँ ल बुलेर हा व्हायोलिनवादक भेटला. पाणचट सूप, कमालीची थंडी आणि उपासमार हा तेथील नित्यक्रम होता. भुकेमुळे आपल्याला स्वप्नांत रंगांचे झोत दिसत असे मेसियाँने पुढे सांगितले आहे. कार्ल-आल्बर्ट ब्रुल हा तेथील पहारेकऱ्यांपैकी एक, व्यवसायाने वकील, फ्रेंच उत्तम जाणणारा. त्याने मेसियाँला कागद, पेन्सिली, खोडरबर आणून दिले, एका रिकाम्या बराकीत त्याची सोय लावली आणि त्याला कोणी त्रास देऊ नये म्हणून दाराशी पहारा ठेवविला. हा ब्रुल नाझी राजवटीचा विरोधक होता. ज्यू कैद्यांना तो पळून जाऊ नका असे बजावीत असे; व्हिशी सरकारच्या फ्रान्सपेक्षा युद्धकैद्यांच्या छावणीत ते अधिक सुरक्षित राहतील असा त्याचा हिशेब होता. जर्मन गणवेशातल्या माणसाने हा हिशेब मांडावा, यावरून त्या काळाची कल्पना यावी.

चेलो नव्हता. कैद्यांनी पैसे गोळा केले आणि पास्किएला पहाऱ्यात गावात नेऊन दुकानातून चेलो व गज विकत घेण्यात आला. परत आल्यावर सोबत्यांनी त्या संध्याकाळी त्याला उशिरापर्यंत वाजवायला लावले. तिघा वादकांसाठी आधी एक छोटा, काहीसा खेळकर तुकडा झाला. तोच पुढे क्वार्टेटचा चौथा भाग. त्याच्या भोवती बाकीची रचना वाढत गेली. पाचवा आणि आठवा हे दोन भाग मेसियाँने आपल्या जुन्या कृतींतून घेतले : एक १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी विद्युत्-वाद्यांकरिता लिहिलेल्या संगीतातून आणि दुसरा १९३० मधील ऑर्गनरचनेतून. दंतकथेला हा तपशील अडचणीचा वाटतो, कारण तिला सर्व काही छावणीतच जन्मलेले हवे असते. हातातले काहीही शिल्लक नसताना माणूस स्मरणातले जुने बाहेर काढतो, यात खरे म्हणजे आश्चर्य करण्यासारखे काही नाही.

रचनेची कल्पना बायबलच्या शेवटच्या ग्रंथातील दहाव्या अध्यायावर आधारलेली आहे. तेथे मेघ पांघरलेला, मस्तकावर इंद्रधनुष्य असलेला एक देवदूत एक पाय समुद्रावर आणि दुसरा जमिनीवर ठेवून, हात वर करून, यापुढे काळ उरणार नाही असे घोषित करतो. बंदिवासाचा काळ संपावा एवढाच अर्थ यातून काढणाऱ्यांना मेसियाँ दुरुस्त करीत असे. त्याला अभिप्रेत होता तो काळ या कल्पनेचाच शेवट. भाग आठ का, तर सहा दिवस सृष्टीचे, सातवा विश्रांतीचा आणि तो सातवा अनंतात लांबत जाऊन होणारा आठवा.

पहिल्या भागात देवगिरी येते. पहाटेची वेळ आहे; क्लॅरिनेटमध्ये ब्लॅकबर्ड गातो, जो आपल्याकडच्या कस्तुराचा युरोपीय भाऊबंद; व्हायोलिनमध्ये नाइटिंगेल. त्यांच्या खाली पियानो सतरा कालमूल्यांची एक ओळ पुन्हा पुन्हा वाजवितो आणि ही ओळ म्हणजे रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे शार्ङ्गदेवाचे तीन ताल एकापुढे एक जोडलेले. त्यावर बसविलेले स्वरसमूह मात्र एकोणतीस. सतरा आणि एकोणतीस यांचा मेळ ४९३ पावलांशिवाय बसत नाही. चेलोचे पाच स्वर आणि पंधरा कालमूल्ये यांचे चक्र त्यांच्याशी फटकून वेगळेच फिरते. मेळ बसण्याच्या कितीतरी आधी तो भाग संपतो. ज्या समेची आपण वाट पाहू ती येतच नाही. ती कुठेतरी पुढे आहे, आपल्या ऐकण्याच्या बाहेर, एवढीच जाणीव राहते. काही मिनिटांच्या संगीतात अनंतकाळ सुचविण्याची ही युक्ती हिशेबी आहे आणि ऐकताना हिशेब मुळीच जाणवत नाही.

तालीम रोज काही तास, कैद्यांच्या न्हाणीघरात होत असे. वादकांना ही लय डोईजड जाई. सहाव्या भागात चारही वाद्ये एकच धून एकत्र वाजवितात. आधाराला स्वरमेळ नाही, पुनरावृत्त होणारा ठोका नाही, मध्येच अर्धी मात्रा वाढते, मध्येच पाऊण. एकाचे चुकले की सारे उघडे पडते. चार थकलेल्या माणसांनी कडाक्याच्या थंडीत ते बसविले, हा पराक्रम रचनेच्या पराक्रमाहून उणा नव्हता. संगीतकारांच्या चरित्रांत वादकांचा उल्लेख तळटिपेत करण्याची प्रथा आहे. येथे ती पाळू नये.

त्या संध्याकाळी मेसियाँने प्रथम श्रोत्यांना रचनेचा अर्थ समजावून सांगितला. श्रोत्यांत शेतकरी होते, कामगार होते, धर्मोपदेशक होते, डॉक्टर होते. यांतल्या अनेकांनी अशा प्रकारचे संगीत आयुष्यात ऐकले नव्हते. त्यांना ते कळले असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण ते ऐकत राहिले. कोणी उठून गेले नाही, कोणी हुर्यो उडविली नाही. आपले संगीत इतक्या एकाग्रतेने पुन्हा कधी ऐकले गेले नाही असे मेसियाँ पुढे म्हणत असे. आकड्यांच्या बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवला नाही तरी याबाबत ठेवावा.

आपली नवी कृती प्रथम ऐकताना रचनाकार बहुधा सभागृहात मागे कोठेतरी बसलेला असतो. मेसियाँ स्वतः वाजवीत होता; अडकणाऱ्या पट्ट्या सांभाळण्यात त्याचे निम्मे लक्ष गुंतले असणार. मात्र आठांपैकी दोन भागांत पियानो नाही : तिसऱ्यात आणि चौथ्यात. चौथा छोटा आहे. तिसरा म्हणजे ‘पक्ष्यांचे विवर’, एकट्या क्लॅरिनेटचा, अकोकाच्या श्वासावर उभा असलेला. त्या काही मिनिटांत मेसियाँचे हात मांडीवर होते आणि तो निव्वळ श्रोता होता. हे विवर म्हणजे काळ, त्याची उदासी, त्याचा थकवा. पक्षी म्हणजे त्याच्या विरुद्ध बाजूचे, प्रकाशाची आणि गाण्याची ओढ. त्यात एकेक स्वर असा आहे की तो ऐकू येईल न येईल इतक्या हलक्या आवाजात सुरू होतो आणि वाढत वाढत असह्य होईपर्यंत मोठा होतो. वादकाच्या छातीत हवा किती आहे याचीच ती परीक्षा. उपाशी माणसाने त्या थंडीत ते वाजविले. व्हर्दाँच्या पहाटा, नान्सीचे मैदान आणि ही बराक, तिन्ही ठिकाणी सोबत असलेला मित्र ते वाजवीत होता आणि ते वाजविण्याजोगे नाही असे त्यानेच एकदा सांगितले होते.

शेवटच्या भागात व्हायोलिन पियानोच्या संथ ठोक्यांवर वर वर चढत जाते आणि अगदी वरच्या टोकाला पोचून विरते. त्यानंतर बराक काही वेळ स्तब्ध राहिली.

पुढची हकीकत लवकर सांगून टाकावी अशी आहे. काही आठवड्यांतच काही वादक-कैद्यांना मायदेशी पाठविण्याचे ठरले. वादक हे लढवय्ये नव्हेत असा आधार काढण्यात आला आणि कागदपत्रांची जुळवाजुळव करण्यात ब्रुलचा हात होता. मेसियाँ व पास्किए निघाले. अकोकाही वाहनात चढला होता. तो ज्यू आहे हे पाहून एका जर्मन अधिकाऱ्याने त्याला खाली उतरविले. ल बुलेरही मागे राहिला. छावणीतून पळून जाण्याचा बेत अकोकाने पूर्वी मेसियाँला सुचविला होता, आणि आपण येथे असावे ही ईश्वराची इच्छा आहे असे सांगून मेसियाँने तो नाकारला होता, अशी आठवण अकोकाच्या घरच्यांनी सांगितली आहे. ईश्वरेच्छेवर भरवसा ठेवणारा सुटला, न ठेवणारा अडकला. एप्रिल १९४१ मध्ये एका छावणीतून दुसरीकडे नेत असताना अकोकाने चालत्या आगगाडीवरून उडी टाकली. क्लॅरिनेट त्याच्या काखेत होता. तो वाचला. त्याचे वडील ऑश्विट्झला गेले ते परत आले नाहीत.

मेसियाँ १९४१ मध्येच पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात स्वरसंवादाचा अध्यापक झाला. त्याच संस्थेतून व्हिशी सरकारच्या कायद्यान्वये ज्यू अध्यापकांना नुकतेच बाहेर काढण्यात आले होते. मेसियाँने त्यासाठी काही केले असा आरोप कोणी करीत नाही; त्याने त्याबद्दल काही म्हटल्याचेही दिसत नाही. देवदूतांविषयी इतके बोलणाऱ्या माणसाचे हे मौन वाचकाला खटकते. २४ जून १९४१ रोजी पॅरिसच्या मातुरँ नाट्यगृहात क्वार्टेटचा दुसरा प्रयोग झाला. पियानोवर मेसियाँ, चेलोवर एतिएन पास्किए, व्हायोलिनवर त्याचा भाऊ जाँ; क्लॅरिनेट या वेळी आंद्रे व्हासेलिए वाजवीत होता. ल बुलेरने युद्धानंतर व्हायोलिन बाजूला ठेवले आणि जाँ लानिए या नावाने तो नट झाला.

मेसियाँची कीर्ती युद्धानंतर वाढतच गेली. बूलेझ, श्टोकहाउझेन, झेनाकिस असे पुढच्या पिढीचे धुरीण त्याच्या वर्गातून गेले. १९४४ मध्ये त्याने आपल्या रचनातंत्रावर पुस्तक लिहिले, त्यातही शार्ङ्गदेवाचा उल्लेख आदराने येतो. १९४९ मध्ये बोस्टन येथे लेनर्ड बर्नस्टाइनच्या दिग्दर्शनाखाली सादर झालेल्या त्याच्या भव्य सिंफनीचे नाव त्याने ‘तुरंग’ आणि ‘लीला’ या दोन संस्कृत शब्दांवरून ठेवले. क्लेरची स्मृती हळूहळू नष्ट झाली आणि अनेक वर्षे रुग्णालयात काढून १९५९ मध्ये ती वारली. १९६१ मध्ये त्याने पियानोवादक शिष्या इव्हॉन लोरिओ हिच्याशी विवाह केला. वही-पेन्सिल घेऊन रानोमाळ पक्षी ऐकत हिंडणे मात्र व्हर्दाँच्या पहाटांपासून सुटले नाही. १९८३ मध्ये त्याचा एकमेव ऑपेरा पॅरिसला झाला. नायक अर्थातच पक्ष्यांशी बोलणारा संत फ्रान्सिस. २७ एप्रिल १९९२ रोजी तो वारला. नायसे नदीच्या पूर्वेस, आज पोलंडमधील झ्गोझेलेत्समध्ये मोडणाऱ्या त्या छावणीच्या जागी आता स्मारक-केंद्र आहे आणि १५ जानेवारीला तेथे क्वार्टेट वाजविला जातो.

ब्रुलची गोष्ट राहिली. युद्ध संपल्यानंतर काही वर्षांनी तो पॅरिसला आला आणि मेसियाँच्या घराचा पत्ता काढून दाराशी गेला. इमारतीच्या रखवालदाराने वर निरोप नेला आणि परत येऊन सांगितले की साहेबांना भेटावयाचे नाही. नंतर मेसियाँला पश्चात्ताप झाला आणि त्याने ब्रुलचा शोध घेण्याचा प्रयत्न केला. तोवर ब्रुल अपघातात मरण पावला होता.